आधी निकाल, मग पुरावा

देव आहे की नाही यावर वाद घालायचा असेल तर आधी जागा नीट निवडा. घरात नको, घरात आई असते. आमच्या ठाण्यात तलावपाळी बेस्ट, कोपीनेश्वराचं देऊळ पलीकडेच आहे त्यामुळे आस्तिक पार्टीला होम ग्राउंड आणि नास्तिक पार्टीला बोट दाखवायची सोय, शिवाय वाद फारच रंगला तर मामलेदारची मिसळ चालत जाण्यासारखी.

आता गुरुमंत्र. काय दाखवलं तर आपण मत बदलू, हे आधी कधीही सांगायचं नाही. मेलात तरी नाही. एकदा तोंडातून निघालं आणि समोरचा उद्या तेच घेऊन हजर झाला तर काय करणार?

तुम्ही आस्तिक असाल तर २१ सप्टेंबर १९९५ पासून सुरू करा. गणपती दूध प्यायला, डोळ्यांनी बघितलं. मी पण बघितलंय, नववीत होतो, चमचा माझ्याच हातात होता. समोरचा म्हणेल पृष्ठताण, चमचा सोंडेला टेकला की दूध बाहेर ओढलं जातं आणि मूर्तीवरून पातळ ओघळ होऊन खाली जातं, शास्त्रज्ञांनी दुधात रंग घालून दाखवलं पण होतं. खचू नका. शांतपणे विचारा, "पृष्ठताण तर रोजच असतो ना, मग दुसऱ्या दिवशी का नाही प्यायला?" प्रश्न खरा त्यांचा आहे, पण जो आधी विचारेल त्याचा. २००६ च्या ऑगस्टमधे माहीमला समुद्राचं पाणी गोड झालं आणि लोकांनी बाटल्या भरभरून नेल्या तेव्हाही असंच, मिठी नदीचं पावसाळ्यातलं पाणी (आणि पाण्यासोबतचं बाकीचं सगळं) तिथेच येऊन मिळतं हे कोणी सांगितलं तर ऐकू आलं नाही असं करा. आपल्या कळव्याच्या खाडीला हा मान कधी मिळाला नाही, आले ते फ्लेमिंगो.

नारळीकरांचं नाव निघालं तर मात्र सावध. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर आणि अंनिसवाल्यांनी (अंधश्रद्धा निर्मूलन समिती) २०० पत्रिका जमवल्या, १०० हुशार मुलांच्या आणि १०० विशेष मुलांच्या, प्रत्येक ज्योतिषाला त्यातल्या ४० द्यायच्या आणि कुठली पत्रिका कोणाची एवढंच ओळखायचं. ५१ जण तयार झाले, उत्तरं आली २७ जणांची. सगळ्यात भारी निकाल ४० पैकी २४, सरासरी निम्म्याच्याही खाली, म्हणजे नाणं उडवलं असतं तर निदान डोकं तरी शिणलं नसतं. चूक कुठे झाली कळलं का? अटी आधी मान्य केल्या! तुम्ही निकाल आल्यावर म्हणायचं, ते खरे ज्योतिषी नव्हतेच. खरा कोण? जो अजून परीक्षेला बसला नाही तो.

नास्तिक असाल तर आपल्याला काय, आपल्या बाजूने विज्ञान आहे म्हणून गाफील राहू नका, पाठांतर तुम्हालाही आहे. अमेरिकेतला २००६ चा प्रार्थनेचा प्रयोग पाठ करा. बायपासचे १८०२ पेशंट, त्यातल्या ज्यांना सांगितलं होतं की तुमच्यासाठी प्रार्थना चाललीय त्यांच्यातल्या ५९ टक्क्यांना पुढे काहीतरी त्रास झाला. ५९ म्हणा आणि थांबा. ज्यांना 'प्रार्थना होईल किंवा नाही होणार' एवढंच सांगितलं होतं त्यांच्यात प्रार्थना केली तरी ५२ आणि नाही केली तरी ५१, म्हणजे ना फायदा ना तोटा, आणि ते ५९ वाले "आपल्यासाठी प्रार्थना करतायत म्हणजे आपलं काही खरं नाही" या टेन्शननेच खचले असतील कदाचित, हे सगळं सांगत बसू नका, मजा जाते.

मी हे आमच्या बँकेतून रिटायर झालेल्या काकांना ऐकवलं. काका म्हणाले, "प्रार्थना करणाऱ्यांना पेशंटचं नुसतं पहिलं नाव आणि आडनावाचं एक अक्षर दिलं होतं ना? गोत्र नाही, नक्षत्र नाही, पोचणार कशी?" यावर उत्तर सापडलं तर मलाही कळवा. आमच्या ग्रुपमधला आयटीतला पोरगा तर अजून पुढचा, तो म्हणतो देव इथे तलावात प्रकट होऊन सही देऊन गेला तरी मी म्हणेन भास झाला. आणि हा काकांना हट्टी म्हणतो.

अडलात तर तुकोबा आहेतच, ते दोन्ही पार्ट्यांना चालतात.

एक विषय मात्र काढू नका. अंनिसचे दाभोलकर. २० ऑगस्ट २०१३, पुणे, आमच्यासारखे तेही सकाळी फिरायलाच निघाले होते, गोळ्या घालून मारलं. आमच्याकडे एकदा निघाला तर कोणालाच मुद्दा सुचेना, काका पण गप्प, पोरगा पण गप्प, शेवटी कोणीतरी विचारलं, तिखट की मीडियम.

आणि माझ्यासारखा आगाऊपणा तर अजिबातच नको. मी एकदा म्हटलं दोघांनीही चिठ्ठीवर लिहून द्या, काय दिसलं तर मत बदलाल, मी पाकिटात घालून बंद करून ठेवतो. दोघेही लगेच हो म्हणाले. त्याला आता आठ रविवार झाले. काकांचा चष्मा घरी राहतो, पोराचं "डेफिनिशन्स आधी क्लिअर करू" चाललंय. पाकीट रिकामंच पडलंय. घरात दुसरं नव्हतं म्हणून आहेराचं घेतलं होतं, वर रुपया चिकटवलेला आहेच, मे महिन्यात डोंबिवलीला एक लग्न आहे, तिथे देऊन टाकतो.