अदृश्य होण्याचं बिल कोण पास करणार

रात्री दोनला अंथरुणात पडून, फोनचा ब्राइटनेस पार तळाला नेऊन, पांघरुणाचं टोक तोंडात कोंबून हसायचं म्हणजे काय हाल होतात ते ज्याच्या शेजारी कुणी झोपलेलं असतं त्यालाच कळेल. आवाज दाबता येतो हो, गादी नाही दाबता येत, ती हलतेच. मग शेजारी एक डोळा उघडतो आणि नवरा विचारतो, "काय झालं?"

"काही नाही, झोप तू" म्हणायचं आणि सुटायचं, एवढी अक्कल मला लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर यायला हवी होती. पण नाही. मी सांगायला गेले.

"अरे एक कादंबरी वाचतेय, त्यात एक सीक्रेट एजंट आहे, त्याला जादू येते, आणि तो तीन दिवस अदृश्य होऊन एका राक्षसाच्या मागावर असतो, आणि परत येतो तर ऑफिसने ते तिन्ही दिवस बिनपगारी लावलेले, कारण हजेरीच्या मशीनला त्याचा चेहराच दिसला नाही!" एवढं बोलून मी परत हसायला लागले. नवरा हसला नाही. नवरा ऑडिटमध्ये आहे.

"बरोबरच आहे," तो म्हणाला.

"काय बरोबर?"

"हजेरी नाही तर पगार कसा काढणार? ऑन ड्यूटीचा अर्ज द्यायचा आधी."

"अरे राक्षस अचानक समोर आला ना!"

"मग आल्यावर द्यायचा. साहेबाची सही घेऊन." आणि कूस बदलून घोरायला लागला. मी मात्र टक्क जागी, आणि त्या पानावर मला परत काही हसू येईना.

या प्रकाराला अर्बन फँटसी म्हणतात. म्हणजे राजवाडे, तलवारी, उडते घोडे असलं वेगळं जग नाही, तर लिफ्ट, ट्रॅफिक आणि पार्किंगची भांडणं असलेल्या साध्या शहरातच जादू लपून बसलेली असते, आणि ती पब्लिकला दिसू नये म्हणून झटणारं एखादं गुप्त खातं असतं. त्यात हेरकथा मिसळायची, आणि लिहिणारा विनोदी असेल तर त्या खात्याला फायली, बजेट, इन्क्रिमेंट आणि बिघडलेला प्रिंटर द्यायचा. माझा फार जीव आहे या प्रकारावर. पण दुसऱ्याला सांगायला गेलं की वाट लागते. वाचताना पोट धरून हसलेली गोष्ट सांगताना पोलीस स्टेशनात जबाब दिल्यासारखी वाटायला लागते, "मग तो अदृश्य झाला, मग तो लिफ्टमध्ये शिरला, मग..." आणि समोरचा नुसता मान डोलावतोय.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नवऱ्याने आपणहून विषय काढला. मला वाटलं चला, गोडी लागली. तर म्हणे, "त्याला अदृश्य होता येतं ना? मग पहिल्याच पानावर राक्षसाला मारून का नाही टाकत?"

प्रश्न वाईट नव्हता, उगाच खोटं कशाला बोलू. जादूच्या कादंबरीची मेख तीच असते. नायकाला सगळंच जमत असेल तर तिसऱ्या पानावर पुस्तक संपलं, म्हणून लेखकाला जादूत कुठेतरी खोट ठेवावीच लागते. या बाबाने ठेवलेली खोट मला फार म्हणजे फार आवडली होती. बघा, आपल्याला दिसतं का, तर प्रकाश डोळ्याच्या पडद्यावर अडतो म्हणून. माणूस खरंच आरपार झाला तर प्रकाश त्याच्या पडद्यातूनही तसाच पलीकडे जाणार, म्हणजे अदृश्य माणूस ठार आंधळा! हे लेखकाच्या मनचं नाही बरं का, सरळ फिजिक्स आहे. त्यामुळे आमच्या एजंटला डोळे तेवढे दिसते ठेवावे लागतात. आता डोळ्यासमोर आणा, गर्दीची लिफ्ट, सगळे आकड्यांकडे बघतायत, आणि साधारण साडेपाच फुटांवर दोन बुबुळं तरंगतायत. एक लहान मुलगी सोडून कुणाचं लक्ष नाही. ती टक लावून बघतेय, आणि एजंटला डोळे मिटताही येत नाहीत, कारण पापण्या आरपार झाल्यात, मिटल्या काय आणि उघडल्या काय. शेवटी तो नजर खाली वळवतो. लिफ्टमध्ये परकं माणूस बघायला लागलं की आपण जे करतो तेच.

हे मी जीव तोडून सांगितलं. नवरा म्हणाला, "मग गॉगल लावायचा."

"गॉगल दिसेल ना रे!"

"मग अदृश्य होऊन फायदा काय?" मग थोडं थांबून, "आणि असल्या खात्याला पैसे कोण देतं? कुठलंही सरकार असल्या गोष्टींवर पैसे घालवत नाही."

इथे मात्र मी चिडले. मी म्हटलं थांब. आणि रात्री जेवणं झाल्यावर त्याला समोर बसवून एकेक खरं खरं सांगायला सुरुवात केली.

म्हटलं, १८५६ साली फ्रेंच सरकारने रोबेर-हुदँ नावाच्या जादूगाराला खास अल्जीरियाला पाठवलं होतं, आपली जादू तिथल्या फकिरांपेक्षा भारी आहे हे लोकांना दाखवायला. त्याच्याकडे एक हलकीशी पेटी होती, ती धटिंगण माणसालाही मध्येच उचलेनाशी व्हायची. खाली इलेक्ट्रोमॅग्नेट! मग म्हटलं, सीआयएने १९५३ मध्ये जॉन मुलहॉलंड नावाच्या स्टेजवरच्या जादूगाराकडून हातचलाखीचं मॅन्युअल लिहून घेतलं, समोरच्याच्या पेल्यात गुपचूप गोळी कशी टाकायची, आणि नुसत्या बुटाच्या नाड्या वेगवेगळ्या ओवून साथीदाराला निरोप कसा द्यायचा. १९७३ साली असले कागद नष्ट करायचा हुकूम निघाला तरी त्याची प्रत राहिलीच, आणि २००९ ला चक्क छापून बाजारात आली. आणि मग माझा हुकमी एक्का. साठच्या दशकात त्याच सीआयएने एका जिवंत मांजरात ऑपरेशन करून माइक आणि ट्रान्समीटर बसवला, शत्रूच्या बाकाजवळ जाऊन बसेल आणि बोलणं ऐकवेल म्हणून. आणि १९६७ च्या अहवालात काय लिहिलं, तर मांजराला थोडंफार शिकवता येतं, पण आपल्या कामाला ते व्यवहार्य नाही. ज्यांच्या घरी मांजर आहे त्यांनी हे फुकटात सांगितलं असतं.

नवरा शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "काहीही."

"काहीही काय? खरंय हे!"

"मांजरात माइक? तुझ्या त्या एजंटची हजेरीची भानगड पटते मला, असं होतं ऑफिसात. पण हे मांजराचं कुणीतरी फेकलंय."

म्हणजे बघा, तरंगती बुबुळं पटली, बिनपगारी पटली, आणि जे खरंखुरं घडलंय, ज्याचे सरकारी कागद आहेत, ते फेकलेलं! मी शेवटचा प्रयत्न म्हणून सांगितलं की अमेरिकेत वीसेक वर्षं माणसांना खोलीत बसवून नुसत्या मनाने दूरदूरची लपलेली ठिकाणं बघायला लावायचे, १९९५ ला बंद केलं, तोपर्यंत सुमारे २ कोटी डॉलर गेले होते. यावर तो एकदम सरळ बसला.

"दोन कोटी? उपयोग झाल्याचं प्रमाणपत्र कुणी दिलं?"

"कुणीच नाही. तपासणाऱ्यांनी लिहिलं की हेरगिरीला काही उपयोग झालेला नाही."

"हां," तो म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावर असं काही समाधान पसरलं की मी हातच टेकले.

पण त्या रात्री पुस्तक कुठवर आलंय असं त्यानेच विचारलं. मी मध्यावर होते. खात्यात कुणीतरी फितूर आहे हे नुकतंच कळलं होतं, आणि माझा संशय साहेबावर, कारण साहेब सारखा खोकतो आणि खिडकीबाहेर बघतो. मला त्यातलं सगळ्यात लाडकं पात्र म्हणजे खात्याच्या स्टोअरवाल्या बाई. दोन वर्षांत रिटायर होणाऱ्या, चष्मा दोरीला, प्रत्येक शापित तलवारीमागे तीन सह्या घेणाऱ्या, आणि एजंट मोहिमेवर निघाला की गुपचूप त्याच्या खिशात जास्तीचा मंतरलेला खडू टाकणाऱ्या. तो खडूचा प्रसंग मला इतका आवडला होता की नवऱ्याला मी ते पान मोठ्याने वाचून दाखवलं, पुढचंही दाखवलं, ज्यात गोदामात रक्षणासाठी मिठाचं रिंगण आखतात आणि तरी राक्षस आत शिरतो.

"थांब," नवरा म्हणाला. "मीठ किती पोती काढलं?"

"मीठ?"

"मागच्या पानावर वाचलंस आत्ता. चार पोती. रिंगण किती मोठं?"

मी बघितलं. एका पोत्यात भागलं, असं एजंट स्वतःच म्हणतो.

"तीन पोती परत जमा केली का?"

मी दहा पानं पुढे गेले, वीस पानं पुढे गेले. कुठे जमा नव्हती.

"स्टोअरवालीला धर," तो म्हणाला. "दुसरं रिंगण तिने घातलंय कुठेतरी. राक्षस तिनेच बोलावला."

"काहीही!" आता हे म्हणायची पाळी माझी होती. "ती बिचारी खडू देते त्याला!"

"खडूची नोंद आहे का रजिस्टरला?"

मी फोन उशीखाली ठेवला आणि दिवा बंद केला. तो झोपल्याची खात्री झाल्यावर परत काढला आणि ब्राइटनेस तळाला नेऊन सरळ शेवटचं प्रकरण उघडलं, जे मी आयुष्यात कधी केलेलं नाही. तळघर. मेणबत्त्या. तीन पोती मिठाचं भलंमोठं रिंगण, आणि मधोमध, दोरीला लावलेला चष्मा पुसत उभ्या असलेल्या बाई.

मी हसले नव्हते, रडलेही नव्हते, पण गादी हलली असणार. शेजारचा एक डोळा उघडला.

"कोण निघालं?"

"साहेब," मी म्हटलं.

तो दोन मिनिटं अंधारात छताकडे बघत राहिला.

"मग लेखकाचं स्टॉक रजिस्टर जुळत नाही," असं म्हणाला आणि झोपला.