तळपाय राहिलाच की!

कातडीच्या कर्करोगासाठी घरच्या घरी अंग कसं तपासावं, यावरच्या लेखातलं 'उन्हात उघडे राहणारे भाग तपासले की पुरे' हे वाक्य आपल्या सावळ्या कातडीला लागू पडत नाही. आपल्याकडं मेलानोमा (बहुधा काळ्या डागासारखा किंवा तिळासारखा दिसणारा कातडीचा कर्करोग) बऱ्याचदा तळपाय, तळहात नाहीतर नखाखाली येतो आणि त्याचा उन्हाशी फारसा संबंध नसतो. निपाणी-चिकोडीकडं काळ्या रानात, तंबाखूत राबणाऱ्यांनी आधी साबण-वजरीनं पाय घासून, कोरडे करून दिवसाउजेडी बघावेत. भेगेतली माती, तंबाखूचा डाग निघतो. तीळ निघत नाही. टाच आरशात बघा, बोटांच्या बेचक्या विसरू नका. डागाशेजारी पट्टी ठेवून फोटो काढा, महिन्यानं ताडून बघा.

नखाचं वेगळं. ठेच लागून साकळलेलं रक्त नख वाढेल तसं पुढं सरकतं, मुळाशी स्वच्छ नख दिसू लागतं (पायाच्या अंगठ्याला वर्ष-दीड वर्ष लागतं, घाई नको). बऱ्याच नखांवरच्या बारीक फिकट रेघा सहसा निर्धोक. पण एकाच नखावरची उभी काळी रेघ रुंदावत चालली किंवा काळेपणा मुळाच्या कातडीवर उतरला, तर थेट त्वचारोगतज्ज्ञ गाठा. आणि बरं न होणारं 'कुरूप' मेलानोमाही असू शकतं, ते ब्लेडनं तासत बसू नका. बिब्बा तर अजिबात नको, भाजलेल्या कातडीत मूळ डाग ओळखणं डॉक्टरांनाही जड जातं.