गुन्ह्यांचा आकडा आणि आपली कॉलनी

गेल्या काही आठवड्यांत आमच्या उपनगरात दोन घरफोड्या झाल्या, एक दुचाकी गेली आणि सकाळी फिरायला निघालेल्या एका वृद्ध महिलेच्या गळ्यातील मंगळसूत्र हिसकावण्याचा प्रयत्न झाला. तेव्हापासून कॉलनीच्या ग्रुपवर ‘कोल्हापूर आता पूर्वीचे राहिले नाही’ हे वाक्य रोज कोणी ना कोणी लिहितो आणि लगेच दुसरा कोणी तरी कुठला तरी टक्केवारीचा तक्ता पाठवून त्याला दुजोरा देतो. भीती खरी आहे, ती मी नाकारत नाही. परंतु त्या तक्त्यांच्या आधारे आपण जे निष्कर्ष काढतो आहोत, त्यांना फारसा आधार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग 1953 पासूनच्या परंपरेने दरवर्षी देशातील गुन्ह्यांचा अहवाल काढतो. त्यात महानगरांची जी स्वतंत्र तुलना असते, ती अलीकडच्या वर्षांत 20 लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहरांपुरतीच आहे. महाराष्ट्रातील मुंबई, पुणे आणि नागपूर एवढीच शहरे त्यात येतात. 2011 च्या जनगणनेनुसार साडेपाच लाखांच्या आसपास वस्ती असलेले आपले शहर त्या यादीत नाही. आपल्याकडे पोलीस आयुक्तालयही नाही, त्यामुळे शहराचे आकडे पोलीस अधीक्षकांच्या अखत्यारीतील जिल्ह्याच्या बेरजेत मिसळतात आणि गगनबावड्यापासून शिरोळपर्यंतचा सारा जिल्हा एका ओळीत बसतो. ती ओळ वाचून राजारामपुरीची एखादी गल्ली किंवा फुलेवाडीची एखादी कॉलनी सुरक्षित आहे की नाही, हे कोणालाही सांगता येणार नाही.

गुन्ह्यांचा दर म्हणजे दर लाख लोकसंख्येमागे नोंदवलेले गुन्हे. यातला ‘नोंदवलेले’ हा शब्द आपण वाचतो आणि विसरतो. गुन्हे वाढणे आणि त्यांची नोंद वाढणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, अशी सूचना खुद्द त्या अहवालातच दिलेली असते. केरळचा दर वर्षानुवर्षे वरच्या रांगेत दिसतो, तो तेथील माणसे अधिक गुन्हेगार आहेत म्हणून नव्हे. तक्रार नोंदवण्याची सवय आणि ती नोंदवून घेण्याची शिस्त तेथे अधिक आहे, हे त्यामागचे मोठे कारण आहे. दिल्लीत चोरीची तक्रार ऑनलाइन नोंदवण्याची सोय झाली आणि चोऱ्यांचा आकडा फुगला. शिवाय एकाच प्रकरणात अनेक कलमे लागली, तर मोजणीत फक्त सर्वांत गंभीर गुन्हा धरला जातो. शहरांचा दर काढताना भागाकार आजही 2011 च्या लोकसंख्येने होतो, त्यामुळे वेगाने वाढलेले शहर कागदावर आहे त्यापेक्षा अधिक असुरक्षित भासते.

आता आपल्या नोंदींकडे पाहू. माझ्या शेजाऱ्यांचा मोबाइल भर बाजारात खिशातून गेला. ते पोलीस ठाण्यात गेले, तेव्हा ‘चोरीला गेला’ याऐवजी ‘गहाळ झाला’ असे लिहून देण्याचा सल्ला त्यांना मिळाला. त्यांनी तो मानला, कारण विम्यासाठी आणि सिमकार्डासाठी कागद हवा होता आणि वेळ कोणाकडे असतो? त्या एका शब्दाने एक चोरी आकडेवारीतून नाहीशी झाली. दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे ज्याचा तपास पोलीस न्यायालयाच्या परवानगीशिवाय करू शकतात अशा गुन्ह्याची, माहिती मिळाली, तर प्रथम माहिती अहवाल नोंदवणे बंधनकारक आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ललिता कुमारी प्रकरणात 2013 मध्ये दिला. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने, म्हणजे फौजदारी कार्यपद्धतीच्या नव्या कायद्याने, हद्द कोणतीही असली, तरी तक्रार घ्यावी आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमातून आलेल्या तक्रारीवर तीन दिवसांत तक्रारदाराची सही घेऊन ती नोंदवावी, असे कायद्यातच लिहिले. दागिना हिसकावण्याला भारतीय न्याय संहितेत, म्हणजे गुन्हे आणि शिक्षा ठरवणाऱ्या नव्या कायद्यात, 304 वे स्वतंत्र कलम मिळाले. एवढे सगळे असताना आपण ‘गहाळ’ लिहून मोकळे होतो.

हद्दीचा घोळ हे कोल्हापूरचे जुने दुखणे आहे. 1972 मध्ये महापालिका झाली आणि तेव्हापासून हद्दवाढीचे घोंगडे दशकानुदशके भिजत पडले. शहर मात्र पाचगाव, कळंबा, उचगावच्या दिशेने केव्हाच पसरले. रस्ता ओलांडला की पथदिवा ग्रामपंचायतीचा, गस्त दुसऱ्या ठाण्याची आणि कचरा कोणाचाच नाही, अशी स्थिती जेथे असते, तेथेच अंधाऱ्या प्लॉटवर टोळकी बसतात. मला विचाराल, तर आमच्या भागातील धोक्याचे हे सर्वांत मोठे कारण आहे, आणि ते कोणत्याही दरात मोजले जात नाही.

जुन्या शहरातील पेठांची गोष्ट वेगळी आहे. मंगळवार पेठेत किंवा शिवाजी पेठेत अनोळखी माणूस बोळात शिरला, की कट्ट्यावरून ‘कुणाकडं?’ असा प्रश्न येतोच. तालमीची माणसे रात्री उशिरापर्यंत जागी असतात, त्यामुळे तेथे घरफोडी करणे सोपे नाही. मात्र त्याच कट्ट्यांच्या आडोशाने फाळकूटदादाही तयार होतात, तलवारीने केक कापणाऱ्यांचे फलकही तेथेच लागतात, आणि त्या दहशतीची तक्रार द्यायला कोणी पुढे येत नाही. म्हणजे चोरी कमी आणि धाक अधिक. असा भाग आकड्यांत शांत दिसेल.

ग्रुपवर काहींनी परप्रांतीय भाडेकरूंकडे आणि जवळच्या झोपडपट्टीकडे बोट दाखवले, ते मला मुळीच पटले नाही. एकाही घटनेत आरोपी निष्पन्न झालेला नसताना संपूर्ण वस्तीला आरोपी ठरवणे हा अन्याय आहे. भाडेकरूंची माहिती पोलिसांना जरूर द्यावी, पण ती सर्वांची, मराठी-अमराठी असा भेद न करता.

कॅमेऱ्यांसाठी वर्गणी काढायला माझा विरोध नाही. त्याबरोबर बीटनिहाय, म्हणजे ठाण्याच्या प्रत्येक गस्तीच्या विभागात, किती तक्रारी आल्या, किती नोंदवल्या आणि किती उघडकीस आल्या, याचा मासिक तक्ता पोलीस ठाण्याने दर्शनी फलकावर लावावा, अशी मागणी आपण सह्यांनिशी करावी. येत्या बैठकीत हा विषय घ्यावा, असे मी कॉलनीच्या अध्यक्षांना लेखी कळवले आहे, आणि ज्यांनी चोरीऐवजी ‘गहाळ’ असे लिहून दिले असेल, त्यांनी तो कागद बैठकीला सोबत आणावा.