पेशंट उठला कशाला, ते विचारा

रुग्णालयात पेशंट पडला की आपल्याकडे वादाच्या दोनच बाजू असतात. नातेवाईक म्हणतात, सिस्टर कुठे होत्या? रुग्णालय म्हणतं, नातेवाईक कुठे होते? मग कुणीतरी परदेशाचा दाखला देतं. तिकडे म्हणे जवळ कुणाला बसू देत नाहीत, सगळं नर्सच करतात, म्हणून तिकडे कुणी पडत नाही. इथं मात्र मला तोंड उघडावं लागतं, कारण ते 'तिकडे' म्हणजे मी नर्सची नोकरी करते तो इंग्लंडमधला वृद्धांचा वॉर्ड.

इथेही पडतात. एकट्या इंग्लंडच्या रुग्णालयांत वर्षाला अडीच लाखांच्या आसपास पडण्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत. खाट बटणावर जमिनीलगत खाली येते, पायात तळव्याला रबरी ठिपके असलेले मोजे असतात, घंटी हाताशी असते. आणि ती घंटीच लोक दाबत नाहीत. "तू इतकी धावपळ करत होतीस, म्हटलं तुला कशाला त्रास," असं नव्वदीच्या आजी जमिनीवर बसल्या बसल्या मलाच समजावतात. बहुतेकांना बाथरूमला जायचं असतं. काहींना डिमेन्शियामुळे, म्हणजे स्मृतिभ्रंशामुळे, वाटतं की शाळेतून मुलांना आणायची वेळ झाली. विनाकारण कुणी उठत नाही.

माझे मामा पुण्यातल्या एका खासगी रुग्णालयात पहाटे पडले, तेव्हा खाटेशेजारी सतरंजीवर मामी होती. दिवसभर औषधं आण, बिलाच्या रांगेत उभी राहा, असं करून तिचा नुकता डोळा लागला होता. तिला कशाला उठवायचं म्हणून मामा सलाइनचा स्टँड ओढत एकटेच निघाले. मामीच्या जागी सून असती तर तिला सांगणं त्यांना जमलंच नसतं, आणि नातीच्या वयाच्या सिस्टरकडे लघवीचं भांडं मागायचं तर त्या पिढीतल्या माणसाच्या जिवावर येतं. पुढे बाथरूमचा उंबरा, ओली फरशी, पायात घरून आणलेली गुळगुळीत स्लीपर. त्यातून लघवी वाढवणारी गोळी संध्याकाळी दिलेली आणि झोपेची रात्री. खुब्याचं हाड मोडलं. घरच्या ग्रुपवर चर्चा मात्र एवढीच: चूक सिस्टरची की मामीची?

मला विचाराल तर आधी त्या दोन गोळ्यांचं बोला. लघवीची गोळी डॉक्टरांना विचारून सकाळी हलवता आली असती का? म्हाताऱ्या माणसाला झोपेची गोळी हवीच होती का? उभं केल्यावर रक्तदाब किती उतरतो ते कुणी पाहिलं होतं का? झोपवून एकदा मोजायचा, मग उभं करून तीन मिनिटांच्या आत पुन्हा. वरचा आकडा 20 किंवा त्याहून जास्त उतरला, तर चक्कर येऊन पडण्याचा धोका खरा समजायचा. याला मशीन लागतं तेच, जे प्रत्येक वॉर्डात असतं. लागतो तो वेळ.

वेळ नसला की कागद येतो. आपल्याकडे मोठ्या शहरांतल्या रुग्णालयांत आता पेशंटचा पडण्याचा स्कोअर काढतात, बहुतेक ठिकाणी मॉर्स स्केल. सहा मुद्द्यांचे गुण, आकडा जास्त आला की फाइलला पिवळा स्टिकर, आणि सगळ्यांनाच काम झाल्यासारखं वाटतं. इंग्लंडमध्ये उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या नाइस या संस्थेनं 2013 मध्येच सांगितलं की कोण पडेल याचं भाकीत करणारे असले तक्ते वापरू नका. पासष्टीच्या पुढचा दाखल झालेला प्रत्येक जण धोक्यात आहे असंच धरा आणि त्याचं कारण शोधा. अमेरिकेत दुसरी तऱ्हा झाली. 2008 पासून मेडिकेअरनं, म्हणजे तिथल्या वृद्धांच्या सरकारी आरोग्यविम्यानं, रुग्णालयात पडून झालेल्या इजेच्या उपचारांचे जादा पैसे देणं बंद केलं. रुग्णालयांचा भर पेशंट उठला की वाजणाऱ्या खाटेच्या अलार्मवर वाढला, आणि 2012 मध्ये आलेल्या एका मोठ्या चाचणीत दिसलं की अलार्म वाढवून पडणं कमी झालं नाही. माणूस खाटेतच राहिला तर पडत नाही हे खरंच, पण आठवड्याभरात त्याच्या मांड्यांतली ताकद जाते आणि घरी गेल्यावर तो पडतो. खाटेचे कठडे वर करून ठेवण्याचंही तसंच. गोंधळलेला माणूस कठड्यावरून चढतो आणि जास्त उंचीवरून पडतो. आपल्याकडे तर बँडेजनं हात बांधतात, आणि नातेवाईक मान डोलावतात.

नातेवाईक जवळ नसणं ही प्रगतीची खूण मानणाऱ्यांना एक सांगायचंय. 2014 मध्ये इथल्या लेखिका निकी जेरार्ड यांचे वडील जॉन पाच आठवडे रुग्णालयात होते. त्यांना डिमेन्शिया होता आणि भेटीच्या वेळा कडक होत्या. परतले ते पार खचून. त्यातून 'जॉन्स कॅम्पेन' उभी राहिली. मागणी काय, तर डिमेन्शियाच्या पेशंटजवळ घरच्या माणसाला थांबू द्या! जे आपल्याकडे गृहीत धरलेलं आहे, त्यासाठी इथे मोहीम चालवावी लागली. मामीचं तिथं असणं मला चुकीचं वाटतच नाही. तिच्या भरवशावर सिस्टरची संख्या ठरवणं चुकीचं वाटतं.

आणि पडल्यानंतरचं. इथे पडलेल्याला आम्ही पटकन उचलत नाही. मान, पाठ, खुबा तपासतो, मोडल्याची शंका असेल तर आडवंच उचलतो, डॉक्टर अर्ध्या तासात येणं अपेक्षित असतं. मग घरी फोन. गंभीर इजा झाली तर काय घडलं ते खरं सांगणं आणि माफी मागणं 2014 पासून एनएचएस, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, रुग्णालयांना कायद्यानं बंधनकारक आहे. माफी मागितली म्हणजे दोष कबूल केला असं होत नाही, हेही 2006 च्या कायद्यात लिहिलेलं आहे. या तरतुदीचं मोल मला इथं येऊन कळलं, कारण पुण्यात नोकरी करताना पेशंट पडला की पहिली भीती मेमोची आणि दुसरी जमावाची असायची. डॉक्टर-नर्सवरच्या हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्रात 2010 पासून कायदा आहे, तरी ती भीती गेलेली नाही. अशा वेळी नोंद काय होते? 'पेशंट खाटेजवळ बसलेला आढळला.' त्या ओळीवरून कुणाला काय शिकता येणार?

संख्येचं म्हणाल तर भारतीय परिचर्या परिषदेचा निकष साध्या रुग्णालयात पाच पेशंटमागे एक नर्स असा आहे. इंग्लंडमध्ये असं प्रमाण कायद्यात नाही, पण दिवसपाळीला एका नर्सकडे आठाहून जास्त पेशंट गेले की धोका वाढतो, असं नाइसनं 2014 मध्ये म्हटलंय आणि आमच्या वॉर्डात ती रेघ अधूनमधून ओलांडली जातेच. तरी रात्रपाळीला चाळीस पेशंट आणि दोन सिस्टर, हे मी पुण्यात केलंय, इथे नाही.

मामेभावानं रुग्णालयाला द्यायच्या तक्रारीच्या मसुद्यात त्या रात्रीच्या सिस्टरवर कारवाईची मागणी होती. मी त्याला दोन प्रश्न घालायला सांगितले. त्या रात्री त्या मजल्यावर पेशंट किती आणि सिस्टर किती होत्या? लघवीची गोळी संध्याकाळी का दिली जात होती? त्यानं प्रश्न घातले आणि कारवाईची मागणीही ठेवली. आमचं त्यावरून अजून वाजतं.