‘केबल बदला, विषय संपला’ : नांदेडच्या वाचकांना उत्तर

नमस्कार साहेब,

जड झालेल्या एक्सिलेटर पेडलवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही परवा रात्री लिहिलंत. ज्यांच्या नजरेतून ते सुटलं त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तुमचं म्हणणं असं : जुन्या स्पोर्ट्स कारचं पेडल जड झालं किंवा अडकायला लागलं की केबल, म्हणजे पेडलपासून इंजिनपर्यंत जाणारी तार, बदलायची, विषय संपला, एवढं पुराण कशाला. तुमच्या गाडीची तुम्ही दोन वर्षांत दोनदा बदलली, अर्ध्या तासाचं काम. केबलमध्ये तेल सोडू नका असं मी लिहिलं, ते चूक. धावत्या गाडीत पेडल अडकलं तर काय करायचं, ते मी लिहिलंच नाही. आणि शेवटी : “बाळा, हात काळे न करता लिहिणाऱ्यांनी गाड्यांच्या नादी लागू नये.”

या शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करतो. मी ५१ वर्षांचा आहे. वडील १९८६ मध्ये वाळूज एमआयडीसीत लागले. सकाळची शिफ्ट करून आले की स्कूटर अंगणात कलती करायचे, आणि क्लच वायर, एक्सिलेटर वायर उपसून रॉकेलच्या डब्यात बुडवायचं काम माझ्याकडे असायचं. मी तेव्हा सातवीत होतो. वायरचा एक सुटलेला तंतू उजव्या तर्जनीत घुसला होता, नखाच्या मुळाशी ती खूण अजून आहे. पुढे आयटीआय केलं, नऊ वर्षं गॅरेजमध्ये पाने फिरवले. हे लेखात आलं नाही, कारण लेख पेडलबद्दल होता. आपण एकमेकांना कधी भेटलेलो नाही, तरी तुम्ही ‘बाळा’ म्हणून मोकळे झालात. माझ्या आत्याचं सासर नांदेडचं, वजिराबादचं. तिथे दारात आलेल्या अनोळखी पोरालाही अहो-जाहो केलेलं मी लहानपणापासून ऐकलंय. त्यामुळे तुमचं वाक्य जास्त लागलं, हे लपवत नाही.

आता केबल. ‘बदलून टाका’ हा सल्ला मीही लोकांना वर्षानुवर्षं दिलाय, आणि तो मला काय भावात पडला ते सांगतो. माझ्याकडे सॅन स्टॉर्म आहे. दोन सीट, फायबरची बॉडी, रेनोचं ११४९ सीसीचं पेट्रोल इंजिन. २०१९ च्या उन्हाळ्यात तिचं पेडल जड झालं. एका गॅरेजने नवी केबल टाकून दिली. महिनाभर मऊ चाललं, मग पुन्हा तेच. दुसरी केबल टाकली. त्यानंतर काही आठवड्यांनी जालन्याहून येताना बदनापूरच्या अलीकडे एका ट्रकला ओलांडलं, पाय उचलला, आणि रेस उतरेना. क्लच दाबला तर इंजिन नुसतं किंचाळायला लागलं. चावी एक टप्पा मागे घेऊन ते बंद केलं आणि गाडी कडेला लावली. शेजारी बायको होती. पाण्याची बाटली तिने दोन्ही हातांनी छातीशी धरली होती, ती घर येईपर्यंत सोडली नाही.

दुसऱ्या दिवशी चिकलठाण्याकडच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीला घरी घेऊन आलो. त्यांनी पेडलला हातही लावला नाही. मला स्टार्टर मारायला सांगितलं आणि स्वतः केबलचं आवरण दोन बोटांत धरून उभे राहिले. तीन-चार वेळा मारल्यावर म्हणाले, “हात लावून बघा साहेब. हिच्यातून करंट जाऊ लागलाय. केबलचं काय घेऊन बसलात, अर्थिंग बघा आधी.” गाडी रात्रभर उभी होती, इंजिन थंडगार होतं, आणि केबल मात्र चांगली गरम लागत होती.

इंजिनपासून चासीला जाणारी अर्थिंगची विणलेली पट्टी हिरवी पडली होती, जेमतेम पाच-सहा तंतूंवर लटकत होती. स्टार्टर शंभर अँपिअरच्या वर करंट ओढतो. त्याला बॅटरीकडे परत जायला जाडजूड वाट लागते. ती तुटली की तो मिळेल त्या धातूतून वाट काढतो. फायबरची बॉडी करंट वाहून नेत नाही, मग इंजिनला आणि पेडलच्या लोखंडी ब्रॅकेटला जोडणारी एक्सिलेटर केबलच त्याच्या तावडीत सापडते. दर वेळी गाडी सुरू करताना तार तापते आणि आतलं नायलॉनचं अस्तर थोडं थोडं वितळतं. मी काढून टाकलेली केबल उभी चिरून बघितली. अस्तर ओघळून तारेला चिकटलेलं होतं, वास जळक्या प्लगसारखा. नवी पट्टी केबलच्या पाव किमतीत आली. तिसरी केबल आजही गाडीत आहे.

तुम्ही ज्याला पुराण म्हणालात ते एवढ्यासाठी होतं. इंजिन बंद ठेवून केबल थ्रॉटल बॉडीच्या (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेच्या) टोकाला सोडवायची आणि पेडल हाताने दाबायचं. अजून जड असेल तर दोष केबलमध्ये किंवा पेडलच्या बुशमध्ये. पेडल मोकळं असेल तर थ्रॉटलची चकती हाताने फिरवून बघायची. सुरुवातीला चिकटते आणि मग एकदम सुटते, तर आतल्या झडपेच्या पाकळीच्या कडेला काजळी बसलीय. ती क्लीनरने आणि फडक्याने निघते, तिथे नवी केबल टाकून काडीचा उपयोग नाही. गाडी उभी असताना सगळं ठीक आणि जोर दिल्यावरच अडकत असेल, तर इंजिनचं माउंटिंग, म्हणजे ज्या रबरी आधारावर ते बसवलेलं असतं तो, बघा. ते फाटलं की इंजिन डोलतं आणि केबल ओढली जाते. हे सगळं लेखात होतं. तुम्ही तिथपर्यंत वाचलेलं दिसत नाही.

तेलाचं म्हणाल तर एक गोष्ट मान्य करतो. फार जुन्या गाड्यांच्या केबलला आतून अस्तर नसतं, त्यात पातळ तेलाचे चार थेंब सोडणं बरोबरच आहे. मी सरसकट ‘नको’ लिहायला नको होतं, आज तशी दुरुस्ती केली आहे. पण अस्तराच्या केबलमध्ये इंजिन ऑईल सोडून मे महिन्यात काळ्या मातीच्या रस्त्यावर दोन आठवडे गाडी फिरवा, मग ती तार बाहेर काढून बघा. नुसता लगदा.

धावत्या गाडीत अडकलं तर न्यूट्रल, ब्रेक आणि मग चावी, तीही लॉकपर्यंत नाही. गाडी चालवणाऱ्या माणसाला हे सांगावं लागेल असं मला वाटलं नव्हतं. यावर अधिक लिहीत नाही.

राहिली तुमची गाडी. दोन वर्षांत दोन केबल गेल्या असं तुम्हीच लिहिलंय, आणि तेच वाचून मला रात्री झोप लागली नाही. घरी मल्टीमीटर असेल तर एक वायर इंजिनच्या ब्लॉकला आणि दुसरी बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला लावा, आणि कुणाला तरी स्टार्टर मारायला सांगा. माझ्या गाडीत तेव्हा दोन व्होल्टच्या वर दाखवत होतं, पट्टी बदलल्यावर ०.२ वर आलं. तुमचा आकडा इथेच लिहा. अर्ध्या व्होल्टच्या आत आला तर तुमच्या केबलचं कारण वेगळं आहे, आणि ते शोधायला मी नांदेडला येईन. फक्त ‘बाळा’ म्हणू नका.