भुसावळच्या माणसालाही लोकल शिकावी लागते

आपल्याकडे, त्यातही भुसावळात, घरटी एखादा माणूस रेल्वेत. त्यामुळे मुंबईला निघालेल्याला लोकलबद्दल चार गोष्टी सांगायला गेलं की उत्तर ठरलेलं, "भाऊ, आम्हाले गाडीत बसनं शिकवता का?" शिकवावं लागतं, कारण मेल-एक्सप्रेसच्या सवयीच लोकलमध्ये नडतात.

पहिली सवय म्हणजे गाडी शेवटपर्यंत जाते म्हणून शेवटपर्यंत बसून राहणं. काम डोंबिवली-बदलापूरकडे असेल तर कल्याणलाच उतरा. नवी मुंबईला जायचं तर ठाण्याला उतरून ९ किंवा १० नंबर प्लॅटफॉर्मवर या, वाशी-पनवेलच्या ट्रान्स हार्बर गाड्या तिथून सुटतात. सीएसएमटीला जाऊन परत मागे येणं म्हणजे निव्वळ दोन तास वाया. गाडी कुर्ला टर्मिनसची, म्हणजे एलटीटीची असेल तर लक्षात ठेवा, कुर्ला लोकल स्टेशन तिथून बरंच लांब आहे. जवळ पडतं ते हार्बर लाइनवरचं टिळकनगर. आणि नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेरकडून सुरतमार्गे येणारे पश्चिम रेल्वेवर उतरतात. त्यांना ठाणे-कल्याण गाठायचं तर दादरला लाइन बदलावी लागते. दादरला आता १ ते ७ प्लॅटफॉर्म पश्चिमचे आणि ८ ते १४ मध्यचे. आधी मध्यचेही १ पासून होते. जुना नंबर सांगणारे काका अजून भेटतात, त्यांचं ऐकू नका.

लोकलचं तिकीट वेगळं काढा. सेकंड क्लासचं पाच रुपयांपासून सुरू होतं, विनातिकीट सापडलात तर भाडं वर २५० रुपये दंड. मोबाइलवर काढायचं तर स्टेशनात शिरण्याआधी. प्लॅटफॉर्मवर पोचल्यावर अ‍ॅप नकार देतं. टीसीला अ‍ॅपमधलंच तिकीट दाखवायचं, स्क्रीनशॉट चालत नाही. बॅटरी संपली की तिकीटही संपलं. म्हणून रात्रभर प्रवास करून आलेल्यानं कागदी काढावं, असं माझं स्पष्ट मत आहे. गर्दीत रिकामा दिसलेला डबा बहुतेक वेळा फर्स्ट क्लास असतो, हेही लक्षात असू द्या.

आता इंडिकेटर, म्हणजे प्लॅटफॉर्मवर येणाऱ्या गाडीची माहिती देणारा बोर्ड. नवखा इथेच फसतो. आधी गाडीचं अक्षर, मग वेळ, मग एफ किंवा एस, म्हणजे फास्ट की स्लो, आणि डबे १२ की १५. मध्य रेल्वेवर टी म्हणजे ठाणे, के कल्याण, टीएल टिटवाळा, एन कसारा. कर्जतचं अक्षर पुन्हा एस! सुरुवातीचा एस कर्जतचा आणि वेळेनंतरचा एस स्लोचा. खालच्या ओळीत गाडी कुठे थांबणार नाही ते सरकत असतं, ते वाचल्याशिवाय फास्टमध्ये चढू नका. डब्यांचा आकडाही बघायचा. १५ डब्यांच्या जागेवर उभे राहिलात आणि गाडी १२ची आली तर पळापळ होते.

टाटा किंवा केईएम हॉस्पिटलला जाणाऱ्यांनी दादरहून सीएसएमटीकडची स्लो घ्यावी, पहिलंच स्टेशन परळ. कॅन्सरच्या पेशंटला कागदपत्रं जवळ असतील तर दिव्यांगांच्या डब्यात बसता येतं. आपल्या भागातून इतके पेशंट जातात, पण हे फार कमी जणांना ठाऊक असतं. मंत्रालयाला चर्चगेट जवळ.

उतरण्याची तयारी स्टेशन आल्यावर करायची नसते. लोकल अर्धा मिनिट थांबते, कधी तेवढीही नाही. दोन स्टेशनं आधी उठा, बॅग पाठीवरून पोटावर घ्या आणि पुढच्याला फक्त "परळ?" एवढंच विचारा. त्याने मान हलवली तर त्याच्या मागे उभे राहा. नाही हलवली तर त्याला मागे घेऊन तुम्ही पुढे व्हा. प्लॅटफॉर्म कोणत्या बाजूला येणार हेही त्यालाच विचारायचं. मुंबईकर बोलायला तुसडा वाटतो, पण हे तो बरोबर सांगतो. दारात उभं राहून फोनवर बोलू नका, रुळांकडेला उभे असलेले काठी मारून फोन पाडतात. संध्याकाळी विरार फास्टमध्ये बोरिवलीला उतरायचं म्हणून चढू नका. नियमात बसतं, गर्दीत बसत नाही.

लोकलची भीती मात्र मला अतिशयोक्ती वाटते. रीलमध्ये दिसते ती गर्दी सकाळी साधारण आठ ते अकरा सीएसएमटी-चर्चगेटच्या दिशेने आणि संध्याकाळी साडेपाच ते नऊ उलट दिशेने. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्या पहाटे पोचतात. तेव्हा भरताच्या वांग्यांची पिशवी मांडीवर घेऊन निवांत बसून जाता येतं. तीच पिशवी नऊ वाजता चढवली तर नातेवाइकांकडे भरीतच पोचेल.

परतीची गाडी रविवारी असेल तर शनिवारीच मेगाब्लॉक बघून ठेवा. दुरुस्तीसाठी दुपारचे काही तास फास्ट गाड्या स्लो लाइनवर वळवतात, हार्बर तर काही भागात बंदच असते. अशा दिवशी एक तास जास्तीचा धरा. सीएसएमटीला १ ते ७ लोकलचे प्लॅटफॉर्म, आपल्या गाड्या ८ पासून पुढे लागतात, आणि १८ नंबरपर्यंत सामान घेऊन चालायला चांगली दहा मिनिटं लागतात.