‘फुकट गोळ्या मिळूनही पोरं घेत नाहीत’ : त्या मेसेजला उत्तर

थोड्याफार फरकाने एक मजकूर वर्षानुवर्षं फॉरवर्ड होतोय. त्याचा सारांश असा : सरकार एचआयव्हीच्या गोळ्या फुकट देतं, तरी तरुण पोरं मध्येच उपचार सोडतात, कारण ती बेफिकीर असतात. त्यांना चांगला दम द्या. शाळेला, होस्टेलला सांगून ठेवा, म्हणजे लक्ष राहील. अठरा वर्षांची होईपर्यंत त्यांच्यापुढे आजाराचं नाव काढू नका. आणि तब्येत ठणठणीत असेल तर महिनाभर गोळी राहिली म्हणून काही बिघडत नाही.

यातल्या दोनच गोष्टी खऱ्या आहेत. गोळ्या फुकट आहेत, आणि किशोर व तरुण वयातले रुग्ण मोठ्या माणसांपेक्षा जास्त प्रमाणात उपचारातून सुटतात, हे जगभर दिसतं. बाकीची वाक्यं एकेक करून बघू.

‘बेफिकीर आहेत’

यांतल्या बऱ्याच जणांना लागण जन्मतःच आईकडून झालेली असते. चौथी-पाचवीपासून गोळ्या घेणारं पोरगं सतराव्या वर्षी सुटलं, तर सात-आठ वर्षं न चुकता गोळी घेणारा एकाएकी बेफिकीर कसा झाला, हा प्रश्न आधी विचारायला हवा. उत्तर बहुतेक वेळा कॅलेंडरमध्ये सापडतं.

धडगाव, अक्कलकुवा, तळोदा, शिरपूर या पट्ट्यातली कुटुंबं दिवाळी आटोपली की ऊसतोडीला नाहीतर मजुरीला गुजरातेत उतरतात आणि होळीला घरी येतात. सातपुड्यात होळी चुकवायची नसते. आता हिशोब करा. आश्विन अमावास्या ते फाल्गुन पौर्णिमा म्हणजे साडेचार चांद्र महिने, साधारण १३३ दिवस. तब्येत स्थिर असलेल्याला एआरटी केंद्रातून (एचआयव्हीची औषधं देणाऱ्या सरकारी केंद्रातून) एका वेळी जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या, म्हणजे ९० गोळ्या मिळतात. अगदी निघायच्या दिवशी घेतल्या तरी ४३ दिवस कोरडे राहिले. यात स्वभावाचा काय संबंध?

यावर इलाज आहे, पण तो दिवाळीआधी करावा लागतो. शेवटची फेरी निघण्याच्या आठवड्यातच ठेवायची आणि समुपदेशकाला तालुका, गाव, कारखाना सगळं सांगायचं. ग्रीन बुक, म्हणजे उपचारांच्या नोंदीची पुस्तिका, सोबत न्यायची आणि गोळ्या संपण्याच्या आठवडाभर आधी सुरतेकडच्या एआरटी केंद्रात ‘ट्रान्झिट’ म्हणून तात्पुरत्या गोळ्या घ्यायच्या. हंगामासाठी तिकडच्या केंद्रात कायमची बदली मात्र मागू नये. कागद तिकडे पोचेस्तोवर हंगाम संपतो आणि पोरगं दोन्हीकडच्या नोंदीत बेपत्ता होतं. कॉलेजसाठी तीन वर्षं जळगाव-धुळ्याला राहणाऱ्याने मात्र रीतसर बदली करून घ्यावी. दहावी-बारावीचंही असंच आहे : जानेवारीत तीन महिन्यांच्या गोळ्या घेतल्या तर परीक्षेच्या तोंडावर फेरी येत नाही.

राहिला ‘फुकट’ हा शब्द. गोळी फुकट आहे, एप्रिल २००४ पासून. बुडालेला रोज फुकट नाही. एसटीत एचआयव्ही रुग्णांना प्रवाससवलत आहे, पण ती घ्यायची तर गावच्याच गाडीत कंडक्टरपुढे कागद धरावा लागतो. पोरं पूर्ण तिकीट काढतात ती याचमुळे. मुलींना २०२३ पासून सरसकट अर्धं तिकीट आहे, काही दाखवावं लागत नाही. सवलत अशी असावी.

‘दम द्या’

दम दिल्यावर काय होतं ते बाटलीत दिसतं. बाटलीत ३० गोळ्या असतात. २८ दिवसांनी आलेल्याच्या बाटलीत दोन उरायला हव्यात. नऊ उरल्या, म्हणजे सात चुकल्या. यावर चारचौघांत बोलणी बसली की पुढच्या महिन्यात बाटलीत बरोब्बर दोन गोळ्या असतात, कारण उरलेल्या वाटेतल्या नाल्यात गेलेल्या असतात. कार्डावर ‘नियमित’ लिहिलं जातं. खोटं उघडं पडतं ते व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूंचं प्रमाण, तपासून आल्यावर, आणि स्थिर रुग्णाची ती तपासणी वर्षातून एकदाच होते. एवढ्या काळात विषाणू मोकाट असतो. दमाने गोळ्या पोटात जात नाहीत, फक्त मोजणी निकामी होते.

प्रश्न बदलला की उत्तर बदलतं. ‘रोज घेतो ना?’ याला ‘हो’शिवाय उत्तर नाही. ‘सगळ्यांच्याच चुकतात, तुझ्या कोणत्या वारी चुकतात?’ असं विचारलं की सांगतात : लग्नाला गेलो तेव्हा, केळीच्या गाडीवर रात्रपाळी होती तेव्हा, मामाकडे होतो तेव्हा. घरीसुद्धा ‘गोयी लिधी का?’ (गोळी घेतली का?) एवढंच हळू विचारावं, पाहुण्यांसमोर तर नकोच.

व्हायरल लोड १००० किंवा त्याहून जास्त आला तर लगेच औषध बदलत नाहीत. तीन महिने वाढीव समुपदेशन होतं आणि मग पुन्हा तपासणी. त्या तीन महिन्यांत नेमकी अडचण सापडली, तर बऱ्याच जणांचा आकडा त्याच औषधावर खाली येतो.

‘शाळेला, होस्टेलला सांगून ठेवा’

हे बेकायदेशीर आहे. एचआयव्ही-एड्स कायदा २०१७ चा, तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. संमतीशिवाय कुणाची एचआयव्हीची माहिती उघड करता येत नाही आणि या कारणावरून प्रवेश नाकारता येत नाही. आईवडील गेलेल्या घरात बारा वर्षांपुढचं समजूतदार थोरलं भावंड धाकट्यांच्या शाळाप्रवेशासाठी आणि उपचारासाठी पालक म्हणून उभं राहू शकतं, हेही याच कायद्यात आहे. ते फार थोड्यांना माहीत असतं.

कायदा बाजूला ठेवला तरी होस्टेलमधली खरी अडचण वेगळीच असते : बाटली खुळखुळते. तीस गोळ्यांची पांढरी बाटली पत्र्याच्या पेटीत हलली की खोलीतले सगळे मान वळवतात. मग पोरगं गोळ्या वहीच्या कागदात बांधतं आणि पावसाळ्यात त्या ओल धरतात. त्यापेक्षा आठवड्याच्या सातच गोळ्या घट्ट झाकणाच्या छोट्या कोरड्या डबीत काढाव्यात. बाकीच्या मूळ बाटलीत, आतली ओल शोषणारी पुडी न काढता, घरी किंवा विश्वासातल्या माणसाकडे ठेवाव्यात.

वेळेचंही तसंच. ‘रात्री झोपतानाच’ हा नियम जुन्या इफाविरेन्झच्या गोळीचा, कारण तिने गरगरायचं. आता ३० किलोपुढच्या बहुतेकांना मिळते ती टीएलडी : टेनोफोविर ३००, लॅमिव्हुडिन ३०० आणि डोलुटेग्राव्हिर ५० मिलिग्रॅम, दिवसातून एक गोळी, जेवणाआधी किंवा नंतर, कधीही. काहींची तर तिने झोपच उडते. त्यांनी ती सकाळीच घ्यावी. खोली रिकामी असते ती वेळ पोराने स्वतः निवडावी. गोळी चुकली तर आठवेल तेव्हा घ्यावी. पुढच्या गोळीला चार तासांहून कमी उरले असतील तर चुकलेली सोडून द्यावी. दोन एकदम घेऊ नयेत.

आणखी एक बारीक गोष्ट. शाळेत आठवड्यातून एकदा लोहाची निळी गोळी देतात. लोह किंवा कॅल्शियम पोटात असेल तर डोलुटेग्राव्हिर नीट शोषलं जात नाही. त्यामुळे टीएलडी लोहाच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यायची, नाहीतर दोन्ही भरपेट जेवणासोबत. लोहाची गोळी दुपारी एकला घेणाऱ्याची रात्री नऊची टीएलडी बिनघोर. ॲसिडिटीच्या ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमच्या औषधांना जेवणाची सूट नाही, तिथे दोन आणि सहा तासच पाळायचे.

‘अठरापर्यंत नाव काढू नका’

‘ताकदीची गोळी आहे’ हे आठव्या वर्षी खपतं. चौदाव्या वर्षी पोरगं बाटलीवरचं नाव मोबाइलवर शोधतं आणि त्याला दोन गोष्टी एकदम कळतात : आजार काय आहे, आणि घरचे इतकी वर्षं खोटं बोलले. दुसऱ्या गोष्टीमुळे गोळी सुटते. शाळकरी वयात मुलाला आजाराचं नाव कळलेलं असावं, असं जागतिक आरोग्य संघटना २०११ पासून सांगते. सहा-सात वर्षांचा असताना ‘रक्तात एक जंतू आहे, गोळीने तो झोपून राहतो’ इथून सुरुवात करता येते आणि दहा-बाराव्या वर्षापर्यंत नावापर्यंत पोचता येतं. हे एका बैठकीत उरकायचं काम नाही. पुढे लग्नाचा विषय निघेल तेव्हा हेही सांगायला हवं की गोळी नियमित घेऊन व्हायरल लोड न दिसण्याइतका खाली राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. हजारभर जोडप्यांवर झालेल्या ‘पार्टनर’ अभ्यासांत (२०१६ आणि २०१९) अशी एकही लागण सापडली नाही.

‘महिनाभर राहिली तर बिघडत नाही’

बिघडतं. गोळी पूर्ण थांबली की साधारण दोन ते चार आठवड्यांत विषाणू पुन्हा रक्तात दिसू लागतो. अंगात काहीच जाणवत नाही, म्हणून तर हा सल्ला खरा वाटतो. डोलुटेग्राव्हिर दणकट आहे. अधूनमधून एखादी गोळी चुकली तर विषाणूत औषधाला लगेच प्रतिकार तयार होत नाही. पण चार दिवस घेतली, आठ दिवस सोडली, असं महिनोन्महिने चाललं तर तिचीही धार जाते. सोबत हिपॅटायटिस बी असेल तर टेनोफोविर अचानक थांबल्याने यकृताला सूज येऊ शकते.

सुटलेला परत आला तर ‘इतके दिवस कुठे होतास’ हा पहिला प्रश्न नसावा. आधी चार गोष्टी विचारायच्या : खोकला, ताप, वजनातली घट, रात्रीचा घाम. यातलं काही असेल तर आधी टीबीची तपासणी. टीबी निघाला आणि त्यावरचं रिफॅम्पिसिन हे औषध सुरू झालं, तर टीएलडीच्या बारा तासांनी डोलुटेग्राव्हिरची ५० मिलिग्रॅमची आणखी एक गोळी लागते. यातलं काहीच नसेल तर सीडीफोरला (प्रतिकारशक्तीच्या पेशींच्या मोजणीला) रक्त घ्यायचं आणि टीएलडी त्याच दिवशी हातात द्यायची, अहवालाची वाट न बघता. नंबर आणि पत्ता मात्र नव्याने लिहून घ्यावा, कारण जुन्या कार्डावरचा मोबाइल बहुधा बंद असतो. कोणत्या वेळी, कुणाच्या फोनवर आणि काय कारण सांगून फोन करायचा, तेही त्यालाच विचारून लिहावं. माहिती हवी असेल तर १०९७ ही हेल्पलाइन मोफत आहे. तिथे नाव सांगावं लागत नाही.